प्लेटलेट पडल्या, पण डेंग्यू नव्हताच

बोरकाठचा

नमस्कार मंडळी. हे लिहायला आठ महिने लागले. मधे तीनदा लिहून खोडलं. पण परवा शेजारच्या गावातल्या एका बाईंचा जवळपास असाच किस्सा कानावर आला, म्हणून आज बसलोच.

आई ६१ वर्षांची. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्याच्या कडेला. तिला चार वर्षांपासून सांधेवात आहे. सकाळी बोटं वळत नाहीत, कापूस वेचायला जाणं कधीचंच सुटलं. गेल्या उन्हाळ्यात एका डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं. दहा मिलिग्रॅमची एक गोळी, आठवड्यातून एकदाच, बुधवारी. बाकीचे सहा दिवस फॉलिक ॲसिड. त्यांनी नीट समजावलं होतं, चिठ्ठीवर 'बुधवार' असं मराठीत लिहून त्याला गोल केला होता. दोन महिन्यांत आई परत भाकरी थापायला लागली.

पोळ्याच्या आधी गोळ्या संपल्या. मी हिंगणघाटला नोकरीला, घरी धाकटा भाऊ. त्यानं जवळच्या मेडिकलमधून आणल्या. दुकानदारानं पट्ट्या कापल्या, मोजल्या आणि दोन कागदी पुड्यांत घातल्या. एकीवर १-०-०, दुसरीवर 'बुध'. दोन्ही गोळ्या पिवळ्या, दोन्ही बारक्या. आत भरताना अदलाबदल झाली. फॉलिक ॲसिड बुधवारच्या पुडीत गेलं आणि मेथोट्रेक्सेट रोज सकाळी चहासोबत पोटात जायला लागलं.

तान्ह्या पोळ्याला मी घरी आलो तो नववा दिवस. आईचं तोंड आलं होतं. आमच्याकडे तोंड आलं म्हणजे उष्णता, दुसरं काही नाही. तिखट बंद, सब्जाचं पाणी, बी कॉम्प्लेक्स. शेजारच्या काकूंनी जाईची पानं चावायला दिली. ताकात कुस्करलेली भाकरसुद्धा गिळवेना, तेव्हा तिनं सगळ्या गोळ्याही सोडल्या. तेवढ्यानंच ती वाचली हे नंतर कळलं.

मग ताप. तालुक्याला एका खासगी दवाखान्यात नेलं. गावात चार घरी डेंग्यू होता. रिपोर्ट आला: प्लेटलेट ३८ हजार, पांढऱ्या पेशी १,४००, हिमोग्लोबिन ८.९. डेंग्यूच, असं सांगितलं. डेंग्यूची एनएस१ तपासणी निगेटिव्ह आली, तर कधीकधी येते म्हणे निगेटिव्ह. पपईच्या पानांचा रस झाला, शेळीचं दूध झालं, ४० रुपयांचं एक किवी झालं. ते किवी आईच्या त्या सोललेल्या तोंडात मी स्वतः भरवलं आहे. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी 'खा, प्लेटलेट वाढतात' म्हणत होतो.

तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आणि पायांवर मोहरीएवढे लाल ठिपके. दाबले तरी पुसट होत नव्हते. रात्रीच गाडी करून नागपूर गाठलं. कॅज्युअल्टीत जी तरुण डॉक्टर होती तिनं टॉर्च मारून आईचं तोंड पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, कोणत्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?" त्याआधी कुणी विचारलं होतं ते 'बीपी-शुगर आहे का' एवढंच. भावानं पन्नी उलटी केली. पुड्यांतल्या एका गोळीच्या पट्टीवर नावाचा अर्धा तुकडा राहिला होता, 'ट्रेक्सेट'. तिनं तो वाचला आणि खुर्चीतून उठलीच.

बारा दिवस. मेथोट्रेक्सेटवर उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं, अँटिबायोटिक, पांढऱ्या पेशी वाढवायची सुई, दोनदा प्लेटलेट. आई आता बरी आहे.

चूक कुणाची यावर घरात पुष्कळ झालं. भाऊ अजून त्या मेडिकलच्या रस्त्यानं जात नाही. इथं तो विषय नको. मला विचारायचंय ते वेगळं: औषधानं रक्त बिघडतं, हे तुमच्यापैकी कुणाला आधी माहीत होतं? अजून कोणकोणत्या गोळ्यांनी होतं? आणि वेळेवर ओळखायचं कसं?

पऱ्हाटीवाला

भाऊ, वाचूनच आंगावर काटा आला. थ्या किवीचं वाचून तं मी उठून पानी पिऊन आलो.

आमच्या यवतमाळकडे 'औषध' मनलं का लोक पयले फवारायचंच समजतात. 'त्यानं औषध घेतलं' असं फोनवर आयकलं तं घरात रडारड सुरू होते. बरं व्हायचं बी औषध आन मराचं बी औषध, दोन्हीले एकच शब्द. कोनाच्या डोक्यातून निंघालं काय मालूम.

लालपेशी

बोरकाठचा, तुमच्या आई वाचल्या याचा आनंद आहे. मी पॅथॉलॉजीची डॉक्टर, सध्या पूर्व विदर्भात. रोज सूक्ष्मदर्शकाखाली रक्तच बघते, म्हणून जरा लांब लिहिते.

पहिल्यांदा तोंड का आलं? मेथोट्रेक्सेट पेशींना फॉलिक ॲसिड वापरू देत नाही. फॉलिक ॲसिडशिवाय नवी पेशी तयार होत नाही. मग जिथल्या पेशी रोज नव्यानं घडतात तिथंच पहिला घाव बसतो: तोंडाचं अस्तर, आतडं आणि हाडातला मगज. मगज म्हणजे अस्थिमज्जा, आपल्या रक्ताचा कारखाना. कारखाना बंद पडला तरी गोदामातला माल काही दिवस पुरतो, आणि तो कुणाचा किती पुरतो हे त्या पेशीच्या आयुष्यावर ठरतं. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात. प्लेटलेट ७ ते १० दिवस. तांबड्या पेशी १२० दिवस. म्हणून आधी पांढऱ्या पेशी कोसळतात, मग प्लेटलेट, आणि हिमोग्लोबिन सावकाश उतरतं.

डेंग्यूतही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही पडतात, त्यामुळे गफलत होणं समजू शकते. पण डेंग्यू बळावतो तेव्हा रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतं, रक्त दाट होतं, रिपोर्टमधला हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, वर चढतो. तुमच्या आईचा चढला नसणार. आणि असं सोलून निघालेलं तोंड डेंग्यूत दिसत नाही. प्लेटलेटच्या आकड्यावर सगळ्यांचे डोळे इतके खिळलेले असतात की त्याच कागदावरच्या बाकीच्या दहा ओळी कुणी वाचत नाही. ही माझी जुनी तक्रार आहे, जाऊ द्या.

मेथोट्रेक्सेट मुळात कर्करोगाचं औषध. मोठ्या डोसात कर्करोगाला, अगदी लहान डोसात आठवड्याला एकदा सांधेवाताला आणि सोरायसिसला. त्या 'आठवड्याला एकदा'चं 'रोज' झालं की काय होतं ते तुम्ही पाहिलंत. ही अदलाबदल जगभर होते, फक्त आपल्याकडे नाही. डोस बरोबर असूनही धोका होतो तो दोन वेळा: मूत्रपिंड मंदावलं की, कारण औषध लघवीवाटेच बाहेर पडतं, आणि सोबत को-ट्रायमोक्साझोल, म्हणजे आपली सेप्ट्रान, दिली की. तीही फॉलिक ॲसिडच्याच वाटेवर आडवी येते. लघवीची जळजळ म्हणून कुणीतरी सेप्ट्रान देतं आणि आठवड्याभरात मगज बंद पडतो.

एक गंमत सांगू? फॉलिक ॲसिडचा शोध आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग, म्हणजे रक्त कमी होणं, त्यांनी अभ्यासला आणि यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो हे दाखवलं. त्या अर्कातला गुण म्हणजे फॉलिक ॲसिड. पुढं अमेरिकेत ते प्रयोगशाळेत बनवणाऱ्या चमूचे प्रमुख होते आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव, आणि मेथोट्रेक्सेटही त्यांच्याच चमूचं. विष आणि उतारा एकाच कपाटातले. मगाशी पऱ्हाटीवाल्यांनी शब्दाबद्दल म्हटलं, ते इथंही लागू पडतं.

धानोऱ्याची आशा

मी गडचिरोली जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. आमच्याकडे डेंग्यूपेक्षा हिवताप जास्त. ताप आला की बोटातून थेंबभर रक्त घेऊन किटवर टाकायचं, पीव्ही, म्हणजे व्हायव्हॅक्स हिवताप, निघाला की क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस. पीएफ, म्हणजे फाल्सिपॅरम हिवताप, निघाला तर वेगळी पट्टी आणि प्रायमाक्विन एकदाच. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्विन द्यायचंच नाही, हे आम्हाला पाठ असते.

पाच-सहा वर्षांपूर्वी एका पाड्यावरचा अकरा वर्षांचा पोरगा. पीव्ही निघाला, गोळ्या सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी त्याची आई सांगत आली की पोराची लघवी कोऱ्या चहासारखी काळी होते. मला आधी वाटलं ताप आहे, पाणी कमी पीत असेल. पण प्रशिक्षणात सांगितलं होतं: लघवी काळी, डोळे पिवळे, ओठ निळे, दम, पोटात दुखणं, यातलं काही दिसलं तर गोळी बंद आणि लगेच दवाखाना. मी घरी जाऊन त्याच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली तर पांढरी फक्क. नाला भरलेला होता. दोघा जणांनी खाटेवर टाकून पलीकडे नेलं. हिमोग्लोबिन साडेचार. रक्त चढवलं तेव्हा जिवात जीव आला.

त्यानंतर पाड्यावर कुणी प्रायमाक्विन घेईना. 'त्या गोळीनं पोराचं रक्त लघवीतून गेलं' असंच सगळे म्हणत. मी समजावू काय? खोटं तर नव्हतं ते. पण गोळी नाही घेतली तर यकृतात लपलेला जंतू पुन्हा ताप आणतो. दोन वर्षं लागली मला परत विश्वास बसवायला. अजूनही गोळी दिली की पाचव्या दिवसापर्यंत रोज जाऊन विचारते, "लघवी कशी आहे?" पोरं मला आता 'मुतारीवाली बाई' म्हणतात. म्हणू द्या.

लालपेशी

आशाताई, तुमच्यापुढं आम्ही डॉक्टर काय बोलणार. तुम्ही पापणी ओढून पाहिलीत म्हणून पोरगा वाचला.

त्या पोराला बहुतेक जी६पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असणार. हे विकर तांबड्या पेशीला गंजण्यापासून वाचवतं. ते कमी असलं तरी एरवी माणूस ठणठणीत असतो, शेतात राबतो, कळतसुद्धा नाही. प्रायमाक्विनसारखं औषध पोटात गेलं की पेशी भराभर फुटतात आणि त्यांतला रंग लघवीत उतरतो. प्रायमाक्विननं काही लोकांचंच रक्त का फुटतं याचं हे कारण १९५६ मध्ये सापडलं. दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून मुलग्यांत जास्त दिसतो. आईकडून येतो, पण आईला सहसा त्रास नसतो. यात तिचा काही दोष नाही, हे तिला मुद्दाम सांगावं लागतं, कारण घरचे लगेच बोट दाखवतात. भारतात याचे जे प्रकार आढळतात त्यांतल्या एकाच्या नावात चक्क आपलं कल्याण आहे, केरळ-कल्याण म्हणतात त्याला.

तपासणीतला एक खड्डा लक्षात ठेवा. रक्त फुटल्यावर लगेच जी६पीडी तपासलं तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. कमकुवत म्हाताऱ्या पेशी फुटून गेलेल्या असतात, उरलेल्या कोवळ्या पेशींत विकर बऱ्यापैकी असतं. म्हणून तीनेक महिन्यांनी परत करायचं. 'रिपोर्ट नॉर्मल आला होता' म्हणून त्याच पोराला पुन्हा तीच गोळी दिली जाऊ शकते.

अशा माणसाला कुष्ठरोगातली डॅप्सोन, लघवीच्या जंतुसंसर्गाची नायट्रोफ्युरँटॉइन याही गोळ्या जपून. आणि औषध नसलेली एक वस्तू: डांबरगोळ्या. पेटीतल्या दुपट्यात महिनोन्‌महिने डांबरगोळ्या ठेवतो आणि बाळ जन्मलं की तेच न धुता गुंडाळतो. जी६पीडी कमी असलेल्या बाळाला त्या वासानं कावीळ होऊ शकते.

पऱ्हाटीवाला

डॉक्टरताई, 'गंजणे' मनल्यावर आठवलं. आमच्या शेजारच्यानं कपाशीवर फुलं जास्त लागाव मनून जे टॉनिक मारतात, थे पेलं होतं. भांडणाच्या तिरिमिरीत. ओठ, नखं सगळी निळीजांभळी. दवाखान्यात रक्त काढलं तं चॉकलेटी रंगाचं! थ्याले निळी सुई देल्ली आन अर्ध्या घंट्यात गडी गुलाबी. हे काय होतं?

लालपेशी

त्यात बहुतेक नायट्रोबेंझीन असणार. तांबड्या पेशीतलं लोह गंजतं, मग ते प्राणवायू धरू शकत नाही. त्याला मेथहिमोग्लोबिन म्हणतात. निळी सुई म्हणजे मिथिलीन ब्ल्यू. कुष्ठरोगाच्या गोळ्यांतल्या डॅप्सोननं हेच थोड्या प्रमाणात होऊ शकतं. आणि बघा कसा फास आहे: जी६पीडी कमी असलेल्याला मिथिलीन ब्ल्यू दिलं तर तेच त्याचं रक्त फोडतं.

शेजारी आता बरे आहेत ना? बोलतं-चालतं कुणी आहे ना त्यांच्याकडे?

पऱ्हाटीवाला

हाय बरा. पोरगी सासरहून येऊन रायली महिनाभर. संध्याकाळी मी पारावर घेऊन बसतो त्याले.

जुना कंपाउंडर

मी १९७६ पासून एका डॉक्टरसाहेबांकडे कंपाउंडर होतो, अकोला जिल्ह्यात. साहेब वारले, दवाखाना बंद झाला, आता नातवंडं सांभाळतो.

त्या काळी मुदतीच्या तापाला क्लोरॅम्फेनिकॉल म्हणजे रामबाण. १९४९ मध्ये ते बाजारात आलं, त्याआधी टायफॉइडनं घरंच्या घरं रिकामी होत. आम्ही पोत्यानं कॅप्सूल वाटल्या असतील. साहेब एक गोष्ट मात्र करायचे, साध्या सर्दीला, हगवणीला ती कधी देत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वीस-तीस हजारांत एखाद्याचा मगज ही कायमचा वाळवते. टायफॉइडला तो धोका घेऊ, नाकाच्या शेंबडाला नाही." पुढं वाचनात आलं, साधारण २५ ते ४० हजारांत एक असं प्रमाण सांगतात. आणि ते गोळ्या चालू असतानाच होतं असंही नाही, बंद करून कित्येक आठवडे, महिने झाल्यावर होतं. मग कोण जोडणार धागा? लोक म्हणणार करणी.

आम्ही एक केस पाहिली. सालदाराची पोरगी, सोळा वर्षांची. टायफॉइडातून उठली, लग्न ठरलं, हळदीच्या आधी नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना. साहेबांनी स्वतःच्या गाडीनं नागपूरला नेलं. वाचली नाही. साहेब दोन दिवस दवाखान्यात आले नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी तेवढीच सुट्टी घेतली.

दुसरी गोष्ट ॲनाल्जिनची. ताप, डोकं, अंग, काहीही दुखो, 'सुई द्या' म्हणणारा पेशंट आणि सुई देणारे आम्ही. तिनं पांढऱ्या पेशी अचानक नाहीशा होऊ शकतात. अमेरिकेनं १९७७ मध्येच बंद केली. आपल्याकडे २०१३ मध्ये विक्री थांबवली, २०१४ मध्ये अटी घालून परत सुरू केली: दुसऱ्या औषधांनी न उतरणारा ताप किंवा फार तीव्र वेदना असेल तरच. थंडीतापाला घ्यायची ती वस्तू नाही.

आणि पट्टी कापण्याबद्दल. मीही कापायचो. पेशंटकडे तीनच दिवसांचे पैसे असायचे, पूर्ण पट्टी कशी देणार? पण नाव छापलेला भाग पेशंटच्या वाट्याला यावा एवढं बघता येतं. तेही मी दरवेळी बघितलं असं छातीठोक सांगू शकत नाही. तुमचा किस्सा वाचून तीन रात्री झोप नीट लागली नाही, बोरकाठचा.

हिरडाबेहडा

म्हणूनच म्हणतो, ॲलोपॅथी म्हणजे विष. आपल्या आयुर्वेदात साइड इफेक्टच नाही. सांधेवाताला आमच्या तिकडे एक बुवा पुडी देतात, आठ दिवसांत म्हातारी माणसं पळायला लागतात.

जुना कंपाउंडर

आठ दिवसांत पळायला लागतात ना, तीच खूण. बिननावाच्या पुडीत कुटलेलं स्टेरॉइड असतं, मी स्वतः कुटताना पाहिलेत लोक. चेहरा गोल होतो, भूक वाढते, साखर चढते, आणि पुडी एकदम सोडली की माणूस कोसळतो. आयुर्वेदाचं नाव कशाला खराब करता?

लालपेशी

त्यात भर एवढीच: नीट शुद्ध न केलेल्या भस्मांत शिसं सापडलेलं आहे. शिशानं पोटात कळा येतात आणि तांबड्या पेशींवर निळे ठिपके दिसतात, ते मी स्वतः काचेवर पाहिलेत. शिकलेला वैद्य हे तुम्हाला माझ्याआधी सांगेल. बुवा नाही सांगणार.

हिरडाबेहडा

बुवांची पुडी तपासून घेता येईल का कुठं? माझी सासू घेते आहे दोन वर्षांपासून. चेहरा गोल झालाय खरा.

लालपेशी

पुडीच्या आधी सासूबाईंना तपासून घ्या. आणि आपल्या मनानं एकदम बंद करू नका, हे अधोरेखित. दोन वर्षं घेतलंय म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं झोपलेलं असणार. सरकारी दवाखान्यात फिजिशियनला पुडीसकट दाखवा. लाजू नका, ओरडणार नाहीत. आणि ओरडले तरी जा.

गोंदियाची लेक

मी सिकलसेलची पेशंट, 'एसएस', म्हणजे आई-बाबा दोघांकडून दोष आलेली. वय २४. मला सात वर्षांपासून हायड्रॉक्सियुरिया चालू आहे. आधी वर्षातून चार-पाच वेळा भरती व्हायचे, आता दोन वर्षांत एकदा. म्हणून 'गोळ्या म्हणजे विष' वाचलं की चीड येते.

पण हीच गोळी पेशी पाडते, हेही खरं. त्यामुळे ठरलेल्या दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करावीच लागते. पेशी ठरलेल्या आकड्याखाली गेल्या की डॉक्टर गोळी थांबवतात, वर आल्या की कमी डोसनं परत सुरू. माझं असं दोनदा झालं. पहिल्यांदा आई रडली, दुसऱ्यांदा तिनंच रिपोर्ट बघून सांगितलं, "थांबव, उतरल्यात." आई चौथी शिकली आहे.

या गोळीनं तांबड्या पेशी आकारानं मोठ्या होतात, रिपोर्टमध्ये 'एमसीव्ही' वाढलेला दिसतो. मी एकदा महिनाभर कंटाळून गोळ्या घेतल्या नव्हत्या आणि घेते म्हणून थाप मारली होती. डॉक्टरांनी एमसीव्ही बघितला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून थापा बंद.

आमच्या गावातून रक्त तपासायला जायचं म्हणजे ३४ किलोमीटर, धानकापणीत बाबांची रोजी बुडते. गोळी मोफत आहे, रिपोर्टही मोफत आहे, तो दिवस मात्र मोफत नाही.

दिग्रसचे मास्तर

घरी सौ.ला थायरॉइड वाढल्यामुळे कार्बिमाझोल आहे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: घसा दुखून ताप आला तर ती सर्दी नाही असं धरून चाला, गोळी थांबवा आणि त्याच दिवशी सीबीसी करा. विशेषतः पहिले तीन महिने. आम्ही हे कॅलेंडरवर लिहून ठेवलं. एकदा ताप आला, पाऊस, एसटी नाही, शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर गेलो. पेशी ठीक निघाल्या. शेजारी म्हणाला, "मास्तर, उगाच धावाधाव." असो. उगाच झाली हे बरंच झालं.

प्रश्न: टीबीच्या गोळ्यांनीही होतं का हे? एका माजी विद्यार्थ्याला सुरू आहेत, लघवी लाल होते म्हणून घाबरलाय.

लालपेशी

मास्तर, लघवी केशरी-लाल होत असेल तर रिफाम्पिसिनचा रंग आहे, घाम आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा तसं होतं. घाबरायचं नाही, गोळ्या सोडायच्या नाहीत. आशाताईंनी सांगितलेला कोऱ्या चहाचा काळपट रंग वेगळा. रिफाम्पिसिननं क्वचित प्लेटलेट पडतात, विशेषतः गोळ्या मधेच सोडून परत सुरू केल्या की. साध्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत लिनेझोलिड देतात, त्यानं मात्र काही आठवड्यांत हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट उतरू शकतात, म्हणून तिथं रक्त तपासणं ठरलेलंच असतं.

बाकी, मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी१२ कमी होऊ शकतं. मुंग्या, थकवा, जीभ गुळगुळीत. ते सगळं 'वय झालं' या खात्यात जमा होतं.

बोरकाठचा

सगळ्यांचे आभार. कंपाउंडर काका, झोपा शांतपणे. तुम्ही लिहिलंत तेवढं त्या दुकानदारानंही म्हटलं असतं तर भाऊ एव्हाना त्या रस्त्यानं जायला लागला असता.

एक राहिलं. नागपूरच्या त्या डॉक्टरनी आमच्यासमोर एक फॉर्म भरला होता. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला. मला वाटायचं हे डॉक्टरांचंच काम, पण पेशंट किंवा नातेवाईकही कळवू शकतात, फॉर्म मराठीत मिळतो. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. नुसता संशय असला तरी चालतं, सिद्ध करावं लागत नाही.

आईचं मेथोट्रेक्सेट परत सुरू केलं नाही. आता हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर आहे, वर्षाला डोळे तपासायचे. कालचा सीबीसी: पांढऱ्या पेशी ६,२००, प्लेटलेट २ लाख ४० हजार. बोटं पहिल्यासारखी वळत नाहीत, भाकरी आता वहिनी थापते. आई शेजारी बसून ती जाड झाली म्हणून सांगते.

धानोऱ्याची आशा

त्या टोल फ्री नंबरचा कागद मी उपकेंद्रात लावते. आमच्याकडे रेंज नाल्यापलीकडच्या टेकडीवर येते, पण येते.

पऱ्हाटीवाला

बुढ्याच्या गोळ्याची पन्नी उलटी केली आता. एकवीस पट्ट्या निंघाल्या. त्यातल्या सात कायच्या हायेत हे बुढ्यालेच माईत नाई, 'पिवळी झोपाची, पांढरी गॅसची' येवढंच सांगते. दोन तं पारसालच्या. फोटो टाकू काय इथं?

लालपेशी

टाका. नाव दिसेल असा काढा. कापलेली असेल तर मागची बाजूही.